नाव तेवढे मालकांचे आले

(सोलापूर शहर आणि जिल्ह्यातील सर्व संपादक, वृत्तसंपादक, बातमीदार आणि तालुका वार्ताहर यांना खुले पत्र)

संपादक आणि बातमीदार बंधू-भगिनींनो,

स.न.वि.वि.

मी पत्रकार नव्हे. इथल्या एका दैनिकात अठ्ठावीस वर्षे मुद्रिते तपासली. ऱ्हस्व-दीर्घ, काना-मात्रा सांभाळायची आणि ‘निदान’च्या जागी ‘निधन’ छापून येऊ द्यायचे नाही, एवढेच माझे काम. निवृत्त होऊन बरीच वर्षे झाली, पण खोड जात नाही. सकाळी चहाबरोबर पेपर उघडला की हातात पेन्सिल असतेच. अलीकडे त्या पेन्सिलीने एकाच प्रकारच्या खुणा फार व्हायला लागल्या, म्हणून हे पत्र.

परवाचीच एक बातमी घ्या. गावातल्या पाण्याच्या टाकीचे भूमिपूजन, तीन कॉलम, फोटोसह. फोटोत कुदळीला हात लावलेले सात पुरुष आणि अगदी कडेला, डोक्यावर पदर घेतलेली एक बाई, निम्मी कापलेली. फोटोखाली सातही जणांची नावे पदासकट, आणि शेवटी ‘सरपंच व ग्रामस्थ उपस्थित होते’. ती निम्मी कापलेली बाई म्हणजे सरपंच. आत मजकुरात टाकीविषयी माहिती कोणी दिली आहे? तर ‘सरपंच प्रतिनिधी’ अमुक अमुक यांनी.

हा शब्द कुठल्या कायद्यात आहे ते मला कोणीतरी दाखवा. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमात सरपंच आहे, उपसरपंच आहे, सदस्य आहे. ‘सरपंच प्रतिनिधी’ नाही. महापालिकेच्या कायद्यात ‘नगरसेविकापती’ नाही. ही पदे निवडणूक आयोगाने काढली नाहीत. ती आपण छापली, रोज थोडी थोडी, आणि छापून छापून खरी केली.

‘आपण’ म्हणते, कारण मी यातून सुटलेली नाही.

नव्वदीच्या दशकातली गोष्ट. त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ ला लागू झाली होती. पुढे निवडणुका झाल्या, गावोगाव एक तृतीयांश जागांवर बायका आल्या आणि आमच्या टेबलावर अचानक बायकांच्या नावांची रीघ लागली. तोवर आमच्याकडे बायकांची नावे यायची ती निधनवार्तेत, हळदीकुंकवाच्या बातमीत नाहीतर स्टोव्हच्या भडक्यात. डेस्कचा रिवाज असा की लग्न झालेल्या बाईला आधी सौ. लावायचे आणि मधे नवऱ्याचे नाव घालायचे. एका रात्री मोहोळकडच्या एका गावाची बातमी माझ्यापुढे आली. सरपंच बाईने बंद पडलेल्या बोअरचा ठराव पंचायतीत लावून धरला होता. कॉलम अरुंद, ओळ वाढत होती. सौ., तिचे नाव, नवऱ्याचे नाव, आडनाव, एवढे बसेना. एक शब्द काढणे भाग होते. मी तिचे नाव काढले.

तेव्हा काही चुकले असे वाटलेसुद्धा नाही. ओळ छान बसली, पान वेळेत सुटले, डाकची गाडी गेली.

आठवड्याभराने पोस्टकार्ड आले. पेन्सिलीने लिहिलेले, अक्षर नुकतेच शिकल्यासारखे, शिरोरेषा ओढायची म्हणून शेवटी एका दमात ओढलेली. ‘बातमी चांगली आली. नाव तेवढे मालकांचे आले. सरपंच मी आहे.’ खाली सही, आणि सहीतले नाव दोनदा गिरवलेले. आमच्याकडे नवऱ्याला मालक म्हणतात हे तुम्हाला सांगायला नको. ते कार्ड आजही माझ्याकडे आहे.

ती बातमी आणली होती आमच्या डेस्कवरच्या ताईने. ज्या पत्रात नावासाठी भांडते आहे, त्यातच तिचे नाव लिहीत नाही हे विचित्र दिसेल. ती आता नाही, आणि तिच्या घरच्यांनी नको म्हटले आहे. पगारपत्रकावर ती उपसंपादक होती. प्रत्यक्षात तिच्याकडे बुधवारचे महिला पान: पाककृती, रांगोळी, विणकाम, ‘तुम्हाला हे माहीत आहे का’. खेड्यात जाणे तिच्या कामात बसत नव्हते. सुट्टीच्या दिवशी ती स्वतःच्या पैशाने एसटीने जायची आणि बातमी ‘प्रतिनिधी’ म्हणून टाकायची.

महिला पानाची एक गंमत तिला सगळ्यांच्या आधी कळली होती. ते पान वर कोणी वाचत नसे. संपादक सहीपुरते बघायचे, वृत्तसंपादक तेवढेही नाही. म्हणून त्या पानावर काहीही छापता येत होते. एका बुधवारी धपाट्यांची कृती होती. ‘मीठ चवीनुसार’ झाले आणि खाली चार ओळींची चौकट: ग्रामपंचायतीच्या चेकवर सरपंच आणि ग्रामसेवक अशा दोघांच्या सह्या लागतात. कोऱ्या चेकवर सही करू नका. ठराव पूर्ण वाचून घेतल्याशिवाय सही करू नका. पुढच्या बुधवारी हुलग्याच्या माडग्याखाली: गावातला प्रत्येक मतदार ग्रामसभेचा सदस्य असतो, सासूही आणि सूनही. असे कितीतरी बुधवार चालले. मी त्या चौकटींची मुद्रिते तपासली आहेत, म्हणून खात्रीने सांगते की त्यांत तिचे नाव कुठेही नव्हते.

मंगळवेढ्याकडच्या एका घरात तिला त्यातले एक कात्रण दिसले. पिठाच्या डब्याच्या झाकणाला, आतल्या बाजूने, खळीने चिकटवलेले. आतून का, असे विचारले तर ती सदस्य बाई म्हणाली, “पीठ काय आमचे दीर काढत न्हाईत.”

ताईबरोबर मी एकदाच गेले होते. सरपंच बाईच्या ओट्यावर बसलो. ताईने प्रश्न विचारला की उत्तर नवरा द्यायचा. माणूस वाईट नव्हता. चहा झाला का, ऊन लागले का, सगळी आस्था. पण प्रश्न बाईला आणि उत्तर त्याचे. तीनदा असे झाल्यावर ताईने वही मिटली आणि गोड आवाजात म्हणाली, “दादा, जरा गार पाणी मिळेल का? माठातलंच आणा, घाई नाही.” तो उठून आत गेला. ताईने वही उघडली. “बाई, ठराव कितव्या नंबरचा?” बाईने क्षणात सांगितला. तारीखही सांगितली. सूचक कोण, अनुमोदक कोण, विरोधात कोण उठून गेले, सगळे. पाणी येईपर्यंत बातमी झाली होती. परतताना एसटीत ताई म्हणाली, “त्याला पाणी आणायला लावलं, हीच खरी बातमी. पण ती छापता येत नाही.”

आता तुम्ही म्हणाल, आठवणी पुरे. बरोबर आहे, पण थोडे मागे जाऊ द्या. बायकांना राजकारणात जे हक्क मिळाले त्यांचे श्रेय आपण कायद्याला, पक्षाला, पुढाऱ्याला देतो. छापील कागदावर बसून त्या हक्कांना पाय देणाऱ्या बायका मात्र हिशेबात येत नाहीत.

दरवर्षी ६ जानेवारीला पत्रकार दिन होतो. बाळशास्त्री जांभेकरांच्या तसबिरीला हार, ‘दर्पण’ १८३२ चे, भाषणे, शाल-श्रीफळ. होऊ द्या, रास्तच आहे. पण त्या व्यासपीठावरून तानूबाई बिर्जे हे नाव मी एकदाही ऐकले नाही. कृष्णराव भालेकरांनी १८७७ मध्ये ‘दीनबंधु’ काढला. पुढे तो वासुदेवराव बिर्जे चालवत, आणि त्यांच्या निधनानंतर त्यांच्या पत्नी तानूबाईंनी तो हाती घेतला. विसाव्या शतकाचे पहिले दशक, बाईला मत नाही, आणि एक मराठी बाई अग्रलेख लिहिते आहे. वृत्तपत्राचे संपादकपद सांभाळणारी पहिली मराठी स्त्री म्हणून तिचे नाव घेतले जाते. घेतले जाते म्हणजे स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकात. आपल्या हारतुऱ्यात नाही.

आपल्या गावाला पत्रकाराचा पुतळा नवा नाही. चार हुतात्मा पुतळ्यांत कुर्बान हुसेन उभे आहेत, ते ‘गझनफर’ साप्ताहिक चालवत. १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात त्यांना मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा आणि जगन्नाथ शिंदे यांच्यासह फाशी झाली. गड्डा यात्रेच्या गर्दीतून वाट काढत दर १२ जानेवारीला मी तिथे फूल ठेवते. अशी पत्रकारिता डोळ्यांत भरते, भरायलाच हवी. मी ज्यांच्याविषयी लिहिते आहे त्यांची पत्रकारिता डोळ्यांत भरण्यासारखी नव्हतीच. ती पाककृतीच्या खाली होती.

सोलापुरात मार्शल लॉ लागला त्याच १९३० साली किर्लोस्करवाडीहून ‘स्त्री’ मासिक सुरू झाले. काढले शंकरराव किर्लोस्करांनी, पुरुषानेच. विद्या बाळ तिथे १९६४ मध्ये आल्या आणि १९८३ मध्ये संपादक झाल्या. मधल्या काळात, १९७४ मध्ये, त्यांनी पुणे महापालिकेची निवडणूक लढवली आणि हरल्या. मला ही हार महत्त्वाची वाटते. राजकारण बाईला कसे बाहेर ठेवते, हे उंबऱ्यावर उभे राहून पाहिलेली बाई संपादकाच्या खुर्चीत आली. १९८९ मध्ये त्यांनी ‘मिळून साऱ्याजणी’ काढले. त्यात आरक्षणावर, पक्षांवर, कायद्यांवर लेख यायचे. पण माझ्यासारखीला जास्त भावली ती पत्रांची पाने. खेड्यातल्या शिक्षिकेचे, अंगणवाडीताईचे पत्र तिच्या स्वतःच्या नावाने, तिच्या भाषेत छापलेले असायचे. ज्या बाईने आज पत्राखाली स्वतःचे नाव छापून आलेले पाहिले, ती उद्या उमेदवारी अर्जावर सही करताना कमी बिचकते. हे मी कुठल्या अभ्यासातून सांगत नाही. माझ्या पोस्टकार्डावरून सांगते.

त्याही आधी, मद्रासला. १९१७ च्या डिसेंबरात सरोजिनी नायडूंच्या नेतृत्वाखाली बायकांचे शिष्टमंडळ भारतमंत्री माँटेग्यूला भेटले आणि मताधिकार मागितला. मागणी एका दिवसाची, तो दिवस इतिहासात गेला. त्यामागे आयरिश कार्यकर्त्या मार्गारेट कझिन्स होत्या, विमेन्स इंडियन असोसिएशन होती आणि पुढच्या वर्षापासून या संघटनेचे ‘स्त्रीधर्म’ हे मासिक होते. मजकूर इंग्रजीत, जोडीला देशी भाषांतला. मद्रास आणि मुंबई कायदेमंडळांनी १९२१ मध्ये बायकांना मत दिले, तेही मालमत्तेच्या अटीवर. म्हणजे मोजक्याच बायकांना. बाकीच्यांसाठी मागणी तेवत ठेवायची तर दर महिन्याला अंक काढावा लागतो, वर्गणी गोळा करावी लागते, मुद्रिते तपासावी लागतात. मुत्तुलक्ष्मी रेड्डी मद्रास कायदेमंडळात १९२७ ला गेल्या, उपाध्यक्ष झाल्या, आणि या मासिकाचे संपादनही त्यांनी केले. सभागृहातले काम आणि छापखान्यातले काम एकाच बाईच्या हातात.

‘देशी भाषांतला मजकूर’ हे मी मुद्दाम लिहिले. आपल्या शहरात मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू या चार भाषा एका गल्लीत बोलल्या जातात आणि आपण मतदार बायकांशी एकीतच बोलतो. साखर पेठेत माझी एक मैत्रीण होती, विडी वळायची. मांडीवर सूप, सुपात जर्दा, कातरलेली पाने ओल्या फडक्यात. दुपारी तिची शाळकरी मुलगी पेपर मोठ्याने वाचायची, मराठी बातमी तेलुगूत सांगत सांगत. चार-पाच जणी ऐकायच्या, बोटे थांबायची नाहीत. एकदा विडी कामगारांच्या मोर्चाची बातमी होती. मोर्चात त्या सगळ्या होत्या. मुलीने बातमी संपवली आणि आईने तेलुगूत काहीतरी विचारले. मुलगी म्हणाली, “अम्मा विचारते, मोर्चात बायका होत्या असं लिहिलंय का?” नव्हते. ‘हजारो कामगार’ होते आणि दोन नेत्यांची भाषणे होती. शहराजवळच्या कुंभारीची दहा हजार घरांची वसाहत या बायकांनी लढून मिळवली. तिला नाव कम्युनिस्ट नेत्या गोदूताई परुळेकरांचे आहे, हे एक बरे.

आणखी एक. आरक्षण यायच्या कितीतरी आधी महाराष्ट्रात पूर्ण महिलांच्या ग्रामपंचायती झाल्या होत्या. नीरेकाठच्या निंबूत गावात १९६३ मध्ये, कमलाबाई काकडे सरपंच. जळगावकडे विटनेरला १९८९ मध्ये. या पंचायतींचे पुढे काय झाले, बायकांनी काय केले, त्यांना कोणी कसे अडवले, हे गावोगाव जाऊन विचारण्याचे काम पुण्याच्या आलोचना संस्थेने केले आणि त्यावरचे इंग्रजी पुस्तक १९९८ मध्ये बिशाखा दत्ता यांनी संपादित केले. मूळच्या पत्रकार. पुस्तकाचे नावच एक प्रश्न आहे: ‘आणि पोळ्या कोण करणार?’ आपल्याकडे पोळ्यांऐवजी भाकऱ्या म्हणतील, एवढाच फरक. मला त्या नावाचे कौतुक वाटते. राज्यशास्त्राच्या प्राध्यापकाने त्या पुस्तकाला ‘स्थानिक स्वराज्य आणि महिला सहभाग’ असे नाव दिले असते. बातमीदाराच्या कानाने गावात सारखे कानावर येणारे वाक्य पकडले आणि ते वर ठेवले.

चित्रकूटची ‘खबर लहरिया’ तुम्हाला माहीत असेल. २००२ मध्ये बुंदेली बोलीत निघालेले वृत्तपत्र, दलित आणि आदिवासी बायकांनी चालवलेले. पंचायतीतली कामे, हातपंप, रस्ता, रेशन हे त्यांचे राजकारण. आपल्या तालुका पानावर हेच विषय असतात. फरक एवढाच की तिथे विचारणारी बाई असते आणि ती बाईलाही विचारते.

आता अमेरिकेतली गोष्ट सांगते आणि मग मुद्द्याला येते. ६ मार्च १९३३ ला एलिनॉर रूझवेल्ट यांनी व्हाइट हाउसमध्ये पत्रकार परिषद घेतली आणि नियम केला: फक्त स्त्री बातमीदारांनी यायचे. ही कल्पना लोरेना हिकॉक या वृत्तसंस्थेतल्या बाईची. मंदीचा काळ, पेपरवाले नोकरकपात करताना आधी बायकांना काढत. पण राष्ट्राध्यक्षांच्या पत्नीची बातमी हवी तर बाई ठेवणे भाग पडले. मोर्चा नाही, निवेदन नाही, एक दार आणि त्या दारावरची एक अट. बारा वर्षे त्या परिषदा चालल्या.

तर मुद्दा. महाराष्ट्रात स्थानिक स्वराज्य संस्थांत २०११ पासून निम्म्या जागा बायकांच्या. आपल्या महापालिकेत २०१७ ला १०२ जागा होत्या, म्हणजे ५१ बायकांना राखीव. महापौरपदी आधी शोभा बनशेट्टी, मग श्रीकांचना यन्नम. २०२४ ला प्रणिती शिंदे लोकसभेत गेल्या. लोकसभा-विधानसभेतल्या एक तृतीयांश जागांचे विधेयक पहिल्यांदा १२ सप्टेंबर १९९६ ला मांडले गेले आणि मंजूर व्हायला सप्टेंबर २०२३ उजाडला. त्यातही आधी जनगणना, मग मतदारसंघांची पुनर्रचना, मग आरक्षण, अशी अट कायद्यातच लिहिलेली. त्या सत्तावीस वर्षांत या विषयावर लिहीत राहिलेल्या बायका सगळ्या एका सुरात बोलत होत्या असेही नाही. ‘मानुषी’सारख्या नियतकालिकाने विधेयकाच्या त्या रूपाला चक्क विरोध केला आणि पर्याय मांडला. ते बरेच झाले. बायकांची बाजू एकच असते असे मानणे हा सौ.चाच वेगळा प्रकार.

खुर्च्या मिळाल्या. आता त्या खुर्चीत कोण बसले आहे हे छापायचे काम तुमचे, आणि ते तुम्ही करत नाही.

कारण मला ठाऊक आहे, आणि ते तुमच्या दुष्टपणात नाही. तालुका वार्ताहराला बातमीचे किती मिळतात? जवळजवळ काही नाही. त्याचे घर चालते जाहिरातीच्या कमिशनवर. जाहिरात येते वाढदिवसाला, आणि वाढदिवस असतो सरपंचाच्या नवऱ्याचा, नाहीतर नवऱ्याच्या नेत्याचा. पाव पानाची जाहिरात देणाऱ्या माणसाला पाणी आणायला कसे पाठवणार? म्हणून सरपंच बाईचा फोन नंबर त्याच्याकडे नसतोच. नंबर असतो तो ‘प्रतिनिधीं’चा. हे मी डेस्कवर बसून वर्षानुवर्षे पाहिले. याला वार्ताहर जबाबदार नाही. त्याला जाहिरातीवर सोडून देणारे वरचे मजले जबाबदार आहेत. तेव्हा संपादक महाशय, या पत्राचा हा भाग तुमच्यासाठी.

मला मोठे काही नको. निवडून आलेल्या बाईच्या अधिकारातल्या विषयावर तिच्याशिवाय दुसऱ्या कोणाचे म्हणणे छापू नका. ती फोन उचलत नसेल तर ‘त्यांच्याशी संपर्क होऊ शकला नाही’ असे छापा. आमदारांसाठी छापताच की. दोनदा असे छापून आले की तिसऱ्या वेळी फोन तिच्याच हातात दिला जाईल. ‘सरपंच प्रतिनिधी’, ‘नगरसेविकापती’ हे शब्द डेस्कवरच कापा. केंद्राच्या पंचायती राज मंत्रालयानेही २०२३ मध्ये या नवरेशाहीवर समिती नेमली. आपल्याला समितीची गरज नाही, लाल पेन पुरते.

महापालिका आणि जिल्हा परिषद या बीटवर मुली पाठवा. विद्यापीठातून पत्रकारिता शिकून त्या बाहेर पडतात, तुमच्याकडे येतात आणि दोन वर्षांत आरोग्य पुरवणीत नाहीतर नवरात्राच्या नऊ रंगांत जाऊन बसतात. स्थायी समितीचे बजेट वाचता येणारी मुलगी साडीचा रंग मोजत बसली आहे, याचा तुम्हाला राग कसा येत नाही?

आणि कायद्याची ओळ बातमीत घाला. अविश्वास ठरावाच्या बातम्या येतात त्या कुस्तीच्या फडासारख्या: कोणी कोणाला चीत केले. राखीव पदावरच्या महिला सरपंचाला हटवायचे तर तीन चतुर्थांश बहुमत लागते. ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यावी लागते. ही एकेक ओळ आहे. ती ओळ वाचणारी बाई तुमच्या दहा हजार वाचकांत एकच असेल, पण ठराव तिच्यावरच असेल. ताईची चौकट चार ओळींची होती आणि ती भरण्यासाठी तिला धपाट्यांचा आडोसा घ्यावा लागला. तुम्हाला पहिले पान मोकळे आहे.

महापौर, जिल्हा परिषदेचे अध्यक्ष, खासदार, आमदार, यांतल्या कोणी महिन्यातून एक पत्रकार परिषद फक्त स्त्री बातमीदारांसाठी घेतली तर? हसू नका. निम्म्या पेपरांना त्या दिवशी पाठवायला कोणी नसेल. तेवढे कळले तरी पुष्कळ.

शेवटी माझ्या कामाचे. आपल्या दैनिकांच्या जुन्या फाइली, बांधलेले खंड, कुठल्या कुठल्या गोदामात पडून आहेत. त्यांत ‘प्रतिनिधी’, ‘वार्ताहर’, ‘आमच्या महिला प्रतिनिधीकडून’ अशा सह्यांखाली कितीतरी बायका दडल्या आहेत. त्यांना ओळखणारी माणसे अजून आहेत: जुने कंपोझिटर, छापखान्यातले लोक, माझ्यासारख्या मुद्रितशोधक. आणखी दहा वर्षांनी नसतील. तुमच्यापैकी ज्याला कोणाला हे करायचे असेल त्याने फाइली उघडून द्याव्यात. कुठली बातमी कोणाची, हे बसून सांगायला मी तयार आहे. पैसे नकोत. चहा आणि बरा उजेड असला की झाले.

मोहोळच्या त्या बातमीची दुरुस्ती आमच्या पेपरात कधीच आली नाही. मी विचारले होते. एवढ्याशासाठी कशाला, असे उत्तर मिळाले. त्या बाई कदाचित अजून असतील. फाइल सापडली तर दुरुस्तीचा मजकूर माझ्याकडे तयार आहे, दोन ओळींचा. कॉलममध्ये बसतो.

कळावे,

आपली,
एक निवृत्त मुद्रितशोधक,
सोलापूर

ता.क. एका कचेरीच्या जिन्याखाली नव्वदीच्या दशकातले सतरा खंड मी शेवटचे पाहिले तेव्हा खालच्या तिघांना वाळवी लागली होती. बुधवारच्या पानांची ती वर्षे. लवकर बघा.